मुलाखत सकाळची, प्रवास आदल्या दिवशीचा

इंटर्नशिपच्या मुलाखतीचा मेल आला की कोल्हापुरातली बहुतेक मुलं पहिल्या पाच मिनिटांत ‘कन्फर्म’ असं उत्तर पाठवून मोकळी होतात. गाडीचा विचार नंतर. मग लक्षात येतं की मुलाखत सोमवारी सकाळी साडेनऊला आहे, हिंजवडीत आहे, आणि रविवारी रात्री पुण्याकडे जाणारी प्रत्येक बस भरलेली आहे. शनिवार-रविवार घरी आलेले, पुण्यात नोकरी करणारे आणि शिकणारे निम्म्या जिल्ह्यातले लोक त्याच रात्री परतत असतात. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बसून रात्र काढायची, पहाटे साडेचारला स्वारगेटला उतरायचं आणि पाच तासांनी ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ला हसऱ्या चेहऱ्यानं उत्तर द्यायचं. हुशार मुलंही इथं पडतात, आणि पडण्याचं कारण पुस्तकात नसतं.

पुण्यात राहणाऱ्या मुलासाठी साडेनऊची मुलाखत म्हणजे आठची बस. आपल्यासाठी ती आदल्या दिवशीच्या दुपारी सुरू होते. मेल पाठवणाऱ्या एचआरच्या माणसाला हा फरक माहीत नसतो. त्याच्या यादीत वीस नावं आणि वीस रिकामे चौकोन असतात, तो क्रमानं भरत जातो. तुमचं नाव सोमवारी साडेनऊच्या चौकोनात पडलं तर त्यात त्याचा काही आग्रह नसतो. म्हणूनच बदलून मागता येतं, आणि मागायची वेळ असते होकार देण्याआधीची.

पूर्वी हा प्रश्न इंजिनिअरिंगच्या मुलांपुरता होता. केआयटी, कसबा बावडा, वारणानगर, अतिग्रे इथल्या शेवटच्या वर्षाच्या वर्गांपुरता. आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे ‘ऑन द जॉब ट्रेनिंग’ अभ्यासक्रमातच आलं आहे, त्यामुळे कॉमर्स, सायन्स, फार्मसी, पत्रकारिता, सगळीकडची मुलं बॅग भरून बाहेर पडू लागली आहेत. सीएच्या आर्टिकलशिपसाठी पुण्या-मुंबईच्या फर्म गाठणारी मुलं तर आहेतच. यातल्या पुष्कळांच्या घरात मुलाखतीसाठी परगावी जाणारं हे पहिलंच माणूस असतं. त्यामुळे ‘कसं जायचं’ हे सांगायला कुणी नसतं, आणि मित्र जे सांगतात ते त्यांच्या एका अनुभवावरून.

होकार देण्याआधी

मेलला उत्तर चोवीस तासांत जायला हवं, पण पाच मिनिटांत जायची गरज नाही. तासभर घ्या. तेवढ्यात विद्यापीठाचं परीक्षा वेळापत्रक, प्रॅक्टिकल आणि सबमिशनच्या तारखा, आणि त्या तारखेची गाड्यांची स्थिती पाहून घ्या. तारीख परीक्षेवर येत असेल तर परीक्षाच मोठी. कंपनीला ते सांगायला लाज वाटण्याचं कारण नाही, इंटर्न म्हणजे विद्यार्थीच हे त्यांनाही ठाऊक असतं.

उत्तराच्या पहिल्याच ओळीत ‘मी कोल्हापूरहून येणार आहे’ हे लिहा. ही तक्रार नाही, माहिती आहे. त्यानंतर तारीख बदलून हवी असेल तर ‘दुसरी वेळ मिळेल का’ असं मोघम विचारू नका. दोन नेमके पर्याय द्या: मंगळवार किंवा बुधवार, सकाळी साडेअकरानंतर. मोघम विचारणाऱ्याला मोघम उत्तर मिळतं, नेमके पर्याय देणाऱ्याला बहुधा त्यातला एक मिळतो. मंगळवार ते गुरुवार हे दिवस मी मुद्दाम सुचवतो. सोमवारसाठी रविवार रात्रीची गर्दी भोगावी लागते आणि शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून परतताना तीच गर्दी उलट्या दिशेनं भेटते. शिवाय मधल्या दिवसांत बसचं तिकीटही बऱ्याचदा स्वस्त पडतं.

आणखी काही गोष्टी याच मेलमध्ये विचारून घ्याव्यात. दिलेली वेळ गेटवर हजर राहण्याची की प्रत्यक्ष मुलाखतीची? किती फेऱ्या आहेत आणि साधारण किती वाजेपर्यंत थांबावं लागेल? यावर परतीचं तिकीट ठरतं. पहिली फेरी ऑनलाइन होऊ शकेल का? बऱ्याच ठिकाणी होते, पण न विचारणाऱ्याला कोणी आपणहून सांगत नाही. पहिली चाळणी घरी बसून पार पडली आणि दुसऱ्या फेरीसाठीच प्रवास करावा लागला तर निम्मे पैसे आणि एक आख्खा दिवस वाचला. ऑनलाइन फेरी मात्र घरच्या गच्चीवर रेंज शोधत देऊ नका. कॉलेजच्या प्लेसमेंट सेलकडून एखादी खोली आणि नेट मागून घ्या, त्यासाठीच तो सेल आहे.

पत्ता पूर्ण मागा. ‘हिंजवडी’ हा पत्ता नाही. फेज कोणता, इमारत कोणती, गेट कोणतं, आणि त्या दिवशी फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर. मोठ्या आयटी पार्कमध्ये एकाच कंपनीच्या दोन-तीन इमारती असतात, आणि चुकीच्या गेटवर सुरक्षारक्षकाशी हुज्जत घालण्यात वीस मिनिटं सहज जातात.

प्रवासखर्चाचंही एका वाक्यात विचारायला हरकत नाही. इंटर्नला तो क्वचितच मिळतो, तेव्हा मिळणार नाही असंच धरून चाला. पण मुलाखतीसाठी उलट तुमच्याकडूनच नोंदणी फी किंवा डिपॉझिट मागणारं पत्र आलं, तर त्या गावाची बसच पकडू नका. कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसरला ते पत्र दाखवा.

एकाच फेरीत दोन मुलाखती उरकण्याचा मोह होतो, आणि तो वाईट नाही. दोन्ही कंपन्यांना खरं सांगून सलग दोन दिवस मागा. एकाच दिवशी सकाळी हिंजवडी आणि दुपारी खराडी असा बेत मात्र करू नका. नकाशावर ते एकच शहर दिसतं. रस्त्यावर ती दोन गावं आहेत आणि मधे अख्खं पुणे आडवं पडलेलं आहे.

गेटपासून उलटं मोजा

प्रवासाचं गणित आपण कोल्हापूरपासून सुरू करतो: इथून किती वाजता निघायचं? ते कंपनीच्या गेटपासून उलटं सुरू करायला हवं. अकराची मुलाखत असेल तर साडेदहाला गेटवर, म्हणजे दहाला परिसरात. ऑफिस भरण्याच्या वेळी हिंजवडीच्या रस्त्यावर अर्ध्या तासाचं अंतर दीड तासाचं होतं, म्हणजे मुक्कामाच्या जागेवरून साडेआठला निघायला हवं. त्याआधी आंघोळ, इस्त्रीचे कपडे, नाश्ता. हे उलटं मोजत गेलात की आपोआप कळतं की रात्री अकराची बस यात बसत नाही. ती भल्या पहाटे पुण्यात सोडते आणि मधले सहा तास कुठे काढायचे हा प्रश्न उभा राहतो. ज्याची पुण्यात जाऊन पडायची सोय आहे त्यानं ती बस घ्यावी. ज्याची नाही त्यानं आदल्या दिवशी दुपारीच निघावं.

पुण्याला जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: सगळ्या वाटा स्वारगेटला जात नाहीत. कोल्हापूरहून मुंबईकडे जाणाऱ्या अनेक बस कात्रजच्या पुढे नवले पूल, वारजे, चांदणी चौक असा बाह्यवळण रस्ता धरून वाकडला निघतात. हिंजवडी, बाणेर, बालेवाडी इथं जायचं असेल तर अशी दिवसाची बस पकडून वाकडला किंवा चांदणी चौकात उतरणं सर्वांत सोपं. स्वारगेटला उतरून पुन्हा शहर पार करत वाकडला येण्यात तास-दीड तास जातो. तिकीट काढतानाच कुठं कुठं उतरवणार ते विचारा. भोसरी, पिंपरी, चिंचवडकडे जायचं असेल तर मात्र स्वारगेट बरं. सप्टेंबर 2024 पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आहे आणि ती थेट पिंपरी-चिंचवड महापालिकेपर्यंत जाते. जिल्हा न्यायालयाच्या स्थानकावर गाडी बदलली की रामवाडीला पोहोचता येतं, तिथून विमाननगर आणि खराडी जवळ. मगरपट्टा-हडपसरला जाणाऱ्यांनी मेट्रोच्या नादी न लागता स्वारगेटहून सरळ पीएमपी धरावी. चाकण किंवा रांजणगावच्या कारखान्यात मुलाखत असेल तर मुक्काम शहरात न करता शक्यतो त्याच बाजूला करा. तिथल्या रस्त्यावर सकाळी कंटेनरांची रांग असते आणि शहरातून निघालेला माणूस तिच्या शेपटाला लागतो.

रेल्वेचं पाहू. कोल्हापूर हे शेवटचं स्थानक, गाडी इथूनच निघते. याचा फायदा असा की मूळ स्थानकाचा कोटा आपल्या वाट्याला येतो आणि वेटिंग पुढं सरकण्याची शक्यता वाटेतल्या स्थानकांपेक्षा जास्त असते. तोटा असा की गाड्या मोजक्याच. सप्टेंबर 2024 मध्ये पुण्याला जाणारी वंदे भारत सुरू झाली तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, पण मुलाखतीच्या दृष्टीनं तिचं वेळापत्रक नीट बघा. आठवड्यातून तीनच दिवस, सकाळी निघून दुपारी दीडच्या सुमारास पुण्यात. म्हणजे त्याच दिवशीच्या मुलाखतीला ती चालत नाही. आदल्या दिवशी आरामात पोहोचायला उत्तम. कोयना सकाळी निघते, तिचंही तसंच. महालक्ष्मी रात्री निघून पुण्याला भल्या पहाटे, झोप मोडणाऱ्या वेळी पोहोचते, तेव्हा पुण्यासाठी ती सोयीची नाही. करोनाकाळात बंद पडलेली सह्याद्री नंतर पुण्यापुरती विशेष गाडी म्हणून सुरू झाली. रात्री उशिरा निघून सकाळी पोहोचणारी ही गाडी पुण्याच्या मुलाखतीला खरी सोयीची, पण तुमच्या तारखेला ती आहे ना, हे आधी तपासा.

महालक्ष्मी शोभते ती मुंबईला. रात्री झोपायचं, सकाळी सातच्या पुढे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरायचं, प्रतीक्षालयात तयार व्हायचं आणि अकराच्या मुलाखतीला जायचं. मुंबईची मुलाखत मुक्कामाशिवाय होऊ शकते ती एवढ्या एका गाडीमुळे. मात्र ती उशिरा येऊ शकते, म्हणून अकराच्या आधीची वेळ घेऊ नका. उतरायचं कुठं हे मुलाखत कुठं यावर ठरवा. ऐरोली, रबाळे, घणसोली या बाजूला जायचं असेल तर टर्मिनसपर्यंत जाऊन उलटं येण्यात अर्थ नाही. कल्याणला उतरून लोकलनं ठाणे, आणि ठाण्याहून ट्रान्सहार्बरची लोकल. पवईला कांजूरमार्ग जवळ. वांद्रे-कुर्ला संकुल किंवा सीप्झला जाणाऱ्यांची सोय तर फारच सुधारली आहे. मेट्रो तीन ऑक्टोबर 2025 पासून कफ परेडपासून आरेपर्यंत पूर्ण सुरू झाली, आणि ती टर्मिनसवरूनच या दोन्ही ठिकाणी जाते. सकाळी नऊच्या लोकलमध्ये फाइल छातीशी धरून, इस्त्रीचा शर्ट सांभाळत शिरण्याचं कौशल्य आपल्याकडे नसतं. मेट्रोचे जास्तीचे पैसे द्यावेत.

बेंगळुरूची गोष्ट निराळी. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पूर्वी कोल्हापुरातून सुटायची, आता ती मिरजेला जाऊन पकडावी लागते. दुसरा मार्ग म्हणजे बेळगावला जाऊन तिथून रात्रीची बेंगळुरू गाडी. बहुतेक मुलं मात्र स्लीपर बसनं जातात, आणि त्यातही उतरण्याची जागा महत्त्वाची. आपल्या बाजूची बस तुमकूर रस्त्यानं शहरात शिरते. इलेक्ट्रॉनिक सिटी त्याच्या बरोबर दुसऱ्या टोकाला आहे. त्यामुळे पीण्या किंवा यशवंतपूरला उतरून हिरव्या मार्गाची मेट्रो आर. व्ही. रोडपर्यंत, आणि तिथून ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेली पिवळी मेट्रो इलेक्ट्रॉनिक सिटीला. व्हाइटफील्डला जायचं असेल तर मॅजेस्टिकला जांभळ्या मार्गावर बदल. टॅक्सी करून शहर पार करायला गेलात तर खिसाही रिकामा होतो आणि वेळही हातातून जातो. उजळाईवाडीच्या विमानतळावरून बेंगळुरू, हैदराबाद, मुंबईला विमानं असतात, पण त्यांची वेळापत्रकं हंगामानुसार बदलतात आणि पावसाळ्यात दृश्यमानता कमी झाली की उड्डाण रद्द होतं. नोकरीच्या मुलाखतीला कंपनी तिकीट देत असेल तर बघावं. इंटर्नशिपसाठी घरच्यांच्या पैशानं विमान, हे मला तरी पटत नाही.

आणि महामार्ग. सातारा ते कागल सहापदरीकरणाचं काम गेली काही वर्षं चालू आहे. कुठं वळण रस्ता, कुठं एकच बाजू चालू, त्यात शनिवार-रविवारचा खंबाटकी. ‘पाच तासांत पुणे’ हे वाक्य ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात ऐकायचं आणि तिथंच सोडून यायचं. आपल्या हिशेबात सात तास धरावेत.

पाणी, जत्रा आणि सीमा

जुलै-ऑगस्टमध्ये मुलाखत असेल तर कोल्हापूरकराला आणखी एक गोष्ट पाहावी लागते, जी पुण्याच्या मुलाला कधीच पाहावी लागत नाही: राजाराम बंधाऱ्याची पातळी. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. ऑगस्ट 2019 मध्ये आणि जुलै 2021 मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि कोल्हापूर पुण्या-मुंबईपासून काही दिवस तुटलं. रेल्वेही थांबली. निपाणीकडे यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी आलं की बेंगळुरूची वाटही बंद होते. बरं हे की नदी एका रात्रीत सहसा दगा देत नाही. गगनबावड्याचा पाऊस आणि राधानगरीचे उघडलेले स्वयंचलित दरवाजे यांच्या बातम्या एक-दोन दिवस आधी येतात. ‘किती फूट झालं?’ हा प्रश्न गावभर सुरू झाला आणि उत्तर 39 च्या पुढे गेलं की मुलाखतीला एक दिवस आणखी लवकर निघा, किंवा त्याच दिवशी कंपनीला कळवून ऑनलाइन पर्याय मागा. सोबत जिल्हा प्रशासनाच्या सूचनेची बातमी जोडा. रस्ता बंद झाल्यावर कळवणाऱ्याला सहानुभूती मिळते. आधी कळवणाऱ्याला दुसरी तारीख मिळते.

नवरात्रात आणि चैत्रात जोतिबाच्या यात्रेत एसटीवर ताण असतो, गणपती आणि दिवाळीत तर तिकीट मिळणंच अवघड. दिवाळीनंतरचा पहिला सोमवार मुलाखतीसाठी कोणी दिलाच तर तो जरूर बदलून घ्या. सीमेचंही ध्यानात असू द्या. बेळगाव-हुबळीच्या बाजूला जाताना 1 नोव्हेंबर, किंवा बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं ते डिसेंबरातले दिवस, या काळात वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बस कोगनोळीच्या अलीकडे-पलीकडे थांबतात. अशा वेळी रेल्वे बरी.

तिकीट, मुक्काम, पिशवी

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने नाही. मुलाखतीची तारीख एवढ्या आधी कळत नाहीच, म्हणून आपली गाठ पडते ती तत्काळशी. आदल्या दिवशी वातानुकूलित डब्यासाठी सकाळी दहाला आणि स्लीपरसाठी अकराला खिडकी उघडते, आणि ऑनलाइन तत्काळसाठी खातं आधारशी जोडलेलं असणं 2025 च्या जुलैपासून सक्तीचं आहे. हे जोडण्याचं काम आजच करून ठेवा, मुलाखतीचा मेल येण्याची वाट न पाहता. कन्फर्म झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगमध्ये राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि त्यावर गाडीत बसता येत नाही. आरएसी असेल तर बसता येतं, पण अर्ध्या बाकावर रात्र जाते. म्हणून जायचं तिकीट पक्कं असावं, त्यासाठी चार पैसे जास्त गेले तरी चालतील. यायचं तिकीट लवचीक ठेवा. मुलाखत लांबली म्हणून पॅनेलसमोर घड्याळ बघत बसलेला उमेदवार सगळ्यांच्याच लक्षात येतो. पुण्याहून परतीसाठी स्वारगेटला एसटी मिळत राहते, ते तिकीट आधी काढायची गरज नाही, शुक्रवार सोडून.

मुलींना आणि त्यांच्यासोबत जाणाऱ्या आईला राज्यात एसटीचं तिकीट मार्च 2023 पासून निम्मं आहे. सोबत कुणी जावं का, हा ज्या त्या घरचा प्रश्न. गेलं तर कंपनीच्या गेटपर्यंत न जाता जवळच्या हॉटेलात चहा घेत थांबावं एवढंच सुचवीन. मुलगा असो की मुलगी, लॉबीत वडिलांनी फाइल धरून बसणं बरं दिसत नाही. पहाटे तीन-चारला हायवेवर वाकडला किंवा नवले पुलाला एकट्यानं उतरण्याचा बेत कोणीही करू नये. परत येताना रात्री उशिरा बस गावात न येता तावडे हॉटेलला सोडून पुढे जाणार असेल, तर घरच्यांना आधी सांगून ठेवा.

मुक्कामासाठी सगळ्यांना आधी आठवतात ते नातेवाईक. आत्याचं घर सिंहगड रस्त्याला असेल आणि मुलाखत चाकणला, तर आत्याकडे मुलाखत झाल्यावर जावं. मुक्कामाला अंतर बघायचं, माया नंतर. शिवाय नातेवाइकांकडे रात्री अकरापर्यंत गप्पा चालतात आणि सकाळी ‘पोहे खाल्ल्याशिवाय सोडणार नाही’ होतं. त्याच भागात राहणारा सीनियर मित्र यापेक्षा चांगला. त्याला रस्ता माहीत असतो, कंपनीतली दोन माणसं माहीत असतात, आणि तो तुम्हाला लवकर झोपू देतो. कुणीच नसेल तर पक्क्या तिकिटाच्या पीएनआरवर रेल्वेची विश्रांतीगृहं मिळतात. पुणे आणि मुंबईतली लवकर भरतात, म्हणून तिकीट काढलं की लगेच बघा.

पिशवीत काय असावं हे सगळे सांगतात, मी फक्त जे राहून जातं ते सांगतो. मूळ आधार कार्ड, कारण गेटवर मोबाइलमधला फोटो चालेलच असं नाही. कॉलेजचं बोनाफाइड आणि इंटर्नशिपच्या परवानगीचं पत्र, त्यावर शिक्का. मेलमधला पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहिलेला, कारण बॅटरी संपते. सुटे पैसे. आणि मुलाखतीचे कपडे अंगात घालून प्रवास करू नका, ते पिशवीत सपाट ठेवा. रात्रीची बस धाब्यावर थांबते तिथं तांबडा-पांढरा रस्सा दिसला तरी त्या रात्रीपुरता हात आवरा. परत आल्यावर आहेच.

घराजवळचं पाहिलंत का?

एवढा प्रवास करण्याआधी एक प्रश्न. गोकुळ शिरगाव, शिरोली आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत फाउंड्री, मशीन शॉप, इंजिन आणि कापडाचे कारखाने आहेत. मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शनच्या मुलाला तिथं सहा महिन्यांत यंत्रावर प्रत्यक्ष हात टाकायला मिळतो. पुण्याच्या मोठ्या ऑफिसात तो कदाचित सहा महिने एक्सेलचे तक्ते भरत बसेल. कायद्याच्या मुलांसाठी तर परिस्थितीच पालटली आहे. उच्च न्यायालयात काम पाहायचं तर मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि वकिलांची कार्यालयं इथंच वाढू लागली. आता साताऱ्याच्या, सोलापूरच्या, सिंधुदुर्गाच्या मुलांनी कोल्हापूरच्या गाडीचं वेळापत्रक बघायचं आहे.

जवळच्या मुलाखतीलाही शिस्त तीच. पंचतारांकित वसाहतीत गेटपर्यंत जाणारी बस नेमकी हवी तेव्हा मिळत नाही. आदल्या दिवशी दुचाकीवरून एक चक्कर मारून कारखाना पाहून या. आपलंच गाव आहे म्हणून दहा मिनिटं उशीर चालतो, असं समजणारी मुलं इथं जास्त भेटतात.

मुलाखत झाल्यावर परतीच्या वाटेवर मेलनं आभार कळवा, दोन ओळी पुरेत. आणि दुसरीकडून आधी होकार आला, तब्येत बिघडली किंवा जायचंच नाही असं ठरलं, तर ते कंपनीला त्याच दिवशी कळवा, फोन बंद करून बसू नका. न कळवता गैरहजर राहिलेल्या मुलाचं नाव एचआर विसरून जातो, पण कॉलेजचं नाव लक्षात ठेवतो. पुढच्या वर्षी तुमच्या ज्युनियरला त्या कंपनीचा मेल यायला हवा असेल तर एवढं करा.